भुऱ्याची घंटी आणि मायची घार

भिलाईत आमच्याकडे बैल नव्हता, पण बैलाची घंटी होती, आणि ती माझ्या धाकट्या भावाच्या कमरेला बांधलेली होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. बैल होता तो ढवळ्या, आणि तो गावी काकांकडे राहिला, कारण कारखान्यात बैलाला नोकरी देत नाहीत. गाव सोडताना बाबांनी घरातून दोनच गोष्टी उचलल्या, एक माय आणि दुसरी ती घंटी. माय म्हणायची, आधी घंटी उचलली. मी तेव्हा आपल्या पायांनी चालत होते म्हणून मला उचलायचा प्रश्नच आला नाही, आणि भुऱ्या अजून व्हायचा होता. ती घंटी पितळेची, आवाजाने गोड, वजनाने भक्कम. भुऱ्या चालायला लागला तशी बाबांनी ती त्याच्या करदोड्यात ओवली, आणि तेव्हापासून तो एका अंगाला कलून चालायचा. आज तो चांगला म्हातारा झालाय, पेन्शन खातो, तरी अजून डावीकडे कलूनच चालतो. डॉक्टर म्हणतात गुडघा. मी म्हणते घंटी.

घंटीचं कारण होतं पाणी. लोक म्हणतात तेव्हा भिलाई बांधली जात होती. खोटं. तेव्हा भिलाई खोदली जात होती. सकाळी पाटावर बसून चहा प्यावा तर संध्याकाळी त्या पाटाखाली खड्डा. भट्टीच्या पायासाठी खड्डा, नळासाठी खड्डा, क्वार्टरसाठी खड्डा, आणि कोणाला काहीच सुचत नसलं की नुसताच खड्डा. दिवसभर पाया ठोकायचा तो प्रचंड घण पडायचा, धम्म, आणि आमच्या टिनाच्या चाळीतल्या ताटल्या जमिनीवर चार बोटं सरकायच्या. मी जेवायला घराच्या एका टोकाला बसायचे आणि भात संपेपर्यंत ताटामागे सरकत दुसऱ्या टोकाला पोचायचे. पावसाळ्यात हे सगळे खड्डे भरायचे. सगळ्यात मोठा होता चाळीच्या मागचा मुरमाचा खड्डा. शेजारच्या कोहका गावाच्या रस्त्यासाठी तिथून मुरूम काढून नेला, आणि खड्डा आमच्यासाठी ठेवून गेले. त्यात लाल पाणी, चहात दूध टाकल्यासारखं, तळ दिसत नसे. रात्रंदिवस बेडकं ओरडायची. त्यांतला एक तर एवढा मोठा होता की शेजारच्या कुत्र्याने त्याला वाट दिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाबांना पाणी म्हणजे वैरी. त्यांच्या थोरल्या भावाला लहानपणी विहिरीने ठेवून घेतलं होतं. एवढंच आम्हाला ठाऊक, कारण याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. अंघोळसुद्धा ते पाण्याकडे पाठ करून करायचे. कारखान्यात ते रिगर होते, म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं आणि खालून हाताने इशारे करून ते वर न्यायचं, फिरवायचं, अलगद उतरवायचं. बोलायचं काम नाही, गोंगाटात ऐकू कोणाला येणार? सगळं हाताचं बोलणं. बोट वर करून गोल फिरवलं की उचला, तळवा खाली दाबला की उतरवा, मूठ आवळली की थांबा. ही सवय घरी आली. बाबा जेवताना बोट गोल फिरवायचे आणि माय भाताचं पातेलं उचलायची. मूठ आवळली की वाढणं बंद. एकदा भुऱ्या रडत होता तर बाबांनी त्याच्यासमोर पाच मिनिटं मूठ धरली. भुऱ्याने ती चावली.

कारखान्यात सुरक्षेचे जेवढे नियम होते तेवढे बाबांनी आमच्या दीड खोलीत लावले. मागच्या अंगणात पाणी साठवायला त्यांनी तेलाचा रिकामा ड्रम आणला, वेल्डरकडून अर्धा कापून घेतला, मातीने घासून घासून त्याचा वास घालवला, आणि त्याला लोखंडी झाकण करून वर कडी बसवली. मग भुऱ्याला घंटी. नियम असा की घंटी वाजून राहिली तोवर सगळं ठीक; घंटी थांबली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून धावायचं. मी किती वेळा पाटी-पेन्सिल टाकून धावले त्याला हिशोब नाही, आणि दर वेळी भुऱ्या कुठेतरी बसून मुंगळे खाताना सापडायचा. या सगळ्यावर बाबांची एक शपथ होती. ती त्यांनी मायसमोर, चुलीसमोर आणि मारुतीच्या तसबिरीसमोर घेतली होती.

“सांगून ठेवतो,” बाबा म्हणाले, “पोराचा पाय पाण्याले लागला ना, त तुमाले साऱ्याइले गावी धाडून देतो. मी इथं एकटा राहीन, भातावर मीठ टाकून खाईन.”

ही धमकी साधी नव्हती. गावी आजी होती, दोन काकू होत्या, आणि चुलीपाशी मायचा नंबर सगळ्यात शेवटचा होता. इथे टिनाखाली उन्हाळ्यात आम्ही पापडासारखे भाजायचो, पण चूल मायची होती. डाळीत मीठ किती ते ती ठरवायची. त्या डाळीसाठी माय वाघाशीही भांडली असती.

आणि माय होती तलावाकाठची. तिच्या माहेरी घराला दोन दारं, एक रस्त्यावर आणि एक तलावावर, आणि रस्त्याचं दार गंजून गेलेलं, असं ती सांगायची. माझी अतिशयोक्ती कुठून आली हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. तिच्याकडे पोर बसायला लागलं की त्याला पाण्यात निजवायला शिकवत. पोहायला नाही, निजायला. हातपाय मारणं मग वयाने येतं, पण आधी पाण्यावर पाठ टाकता आली पाहिजे.

“घंटी काय पोराले पाण्यातून काहाडते का?” माय मला म्हणायची. “घंटी त फक्त सांगते का पोरगं गेलं. हे खड्डे काय बुजवणार हायेत का कोनी? पाणी चारही बाजूनं हाय. एक दिवस ते पोराले भेटनच. भेटन तवा वळख असावी.”

म्हणून बाबा पहिल्या पाळीला गेले की कडी निघायची, झाकण उतरायचं, घंटी खुंटीला लागायची आणि आमची शाळा भरायची. मी दारात पहाऱ्याला. माय गुडघ्यावर बसून भुऱ्याच्या मानेखाली एक हात, कमरेखाली एक हात धरायची आणि त्याला ड्रममध्ये उताणा सोडायची. पहिल्या दिवशी तो असा किंचाळला की कारखान्यातल्यांना पाळी संपल्याचा भोंगा वाटला आणि निम्मे लोक घरी निघाले. कानात पाणी गेलं की पोर मान उचलतं, मान उचलली की बूड खाली जातं, बूड खाली गेलं की सगळंच खाली जातं. त्यावर मायच्या माहेरचा उपाय होता घार. पोराला वर बघायला लावायचं.

“घार कुठं हाय, भुऱ्या? घार पाह्य! वर पाह्य माया राजा, घार पाह्य!”

भुऱ्या डोळे वर करून शोधायचा. हनुवटी वर जायची, कान पाण्यात, पोट वर, हात आपोआप पसरायचे. त्याला ‘र’ येत नसे. “घाल! घाल!” म्हणत तो बोट दाखवायचा. घार असो नसो. दिवस जात होते तसा मायचा कमरेखालचा हात निघाला, मग मानेखालची चार बोटं उरली, मग एकच. आणि एका सकाळी मायने दोन्ही हात वर करून मला दाखवले, ओले, रिकामे, आणि भुऱ्या ड्रममध्ये ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा तरंगत होता. तोंडाने घाल, घाल. मायच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने त्याच ड्रमच्या पाण्याने धुतलं.

संध्याकाळी बाबा झाकण उघडून बघायचे. “पाणी इतकं कमी कावून झालं वं?”

“उन्हानं.”

“सावनात ऊन?”

“मंग तुमच्या झाकणाची कडी ढिली असन,” माय म्हणायची, आणि बाबा पाना घेऊन कडी कसत बसायचे.

परवा माझ्या नातीने तिच्या दीड वर्षाच्या मुलीला पोहण्याच्या वर्गाला घातलं. मला घेऊन गेली बघायला. निळा तलाव, कोमट पाणी, पोरांच्या दंडाला फुगे, फुग्यांवर बदकं. शिकवणारी मुलगी फार गोड होती. आयांना सांगत होती, बाळाचे कान भिजू द्या, त्याला छताकडे बघायला लावा. छतावर तिने कागदाचे मासे टांगले होते. मी म्हटलं, बाई गं, मासे खाली असतात, वर घार पाहिजे. नातीने मला कोपराने ढोसलं. मग मी तिथे समोसे मिळतात का ते विचारलं.

तर पोळ्याचा दिवस. गावी त्या दिवशी बैल रंगवतात, झुली घालतात, पुरणपोळी आधी बैलाला मग माणसाला. आमच्याकडे बैल नाही, तरी पुरण होतंच. बाबांची पहिली पाळी होती, दुपारी यायचे होते. माय पाट्यावर पुरण वाटत होती, मी कणीक तिंबत होते, आणि शेजारची छत्तीसगढी सुकवारो बाई ठेठरीची, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वेटोळ्यांची, टोपली घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे पोळ्याला ठेठरी, आमच्याकडे पोळी, दोघी एकमेकींचं खाऊन नावं ठेवायच्या. तिची एक बकरी होती, रानी. रानीने त्या वर्षी आमची केरसुणी, माझं भूगोलाचं पुस्तक आणि बाबांचा अर्धा मोजा खाल्ला होता.

त्याआधी आठवडाभर भुऱ्याचं पोट बिघडलं होतं. कच्चे भुट्टे खाल्ले होते. टरबुजासारखं पोट पार सपाट झालं होतं. करदोडा मात्र जुन्याच मापाचा. हे कोणाच्या लक्षात यावं? मागच्या अंगणात त्याची घंटी वाजत होती. टण. टणटण. टण. अगदी एका लयीत.

“आज कसं गुणाचं हाय लेकरू,” माय म्हणाली. “एका जागी बसून खेळून राह्यलं.”

“तोर बाबू बने खेलत हे ओ,” तुझं बाळ छान खेळतंय गं, असं सुकवारो बाई म्हणाली, आणि पुरणाचा गोळा तोंडात टाकून, गोड कमी आहे, अशी मान हलवली.

बाबांची एक सवय होती. पाळी सुटली की चाळीच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, कान द्यायचा, घंटी ऐकायची, आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. त्या दिवशी त्यांनी घंटी ऐकली. खूष झाले असतील. सण होता, पोळीचा वास होता. समोरून न येता मागच्या अंगणातून आले, पोराला उचलून घ्यावं म्हणून. आणि तिथे भिंतीच्या सावलीत रानी बसली होती. तिच्या तोंडातून तेल-हळदीने चांगला मुरलेला काळा करदोडा लोंबत होता, ती तो सावकाश चघळत होती, आणि दर चावागणिक तिच्या हनुवटीखाली ढवळ्याची घंटी म्हणत होती, टण. टणटण. टण.

बाबांची किंकाळी मी अजून विसरले नाही. तिच्यात कुठलाही शब्द नव्हता. हातातलं टाकून धावायचं, एवढंच मला ठाऊक होतं. कणीक तशीच बोटांना चिकटलेली. मुरमाच्या खड्ड्याकडे चिखलात इवली पावलं उमटली होती, सरळ, जराही न कलता. घंटीचं ओझं नव्हतं ना.

आणि खड्ड्याच्या लाल पाण्यावर भुऱ्या पडलेला होता. उताणा. हात पसरलेले, पोट वर. मग ते पोट हललं आणि बारीक, जरा वैतागलेला आवाज आला: “घाल? घाल?” घार काही दिसत नव्हती त्याला. म्हणून तो शोधत होता.

हा खड्डा किती खोल होता यावर आमच्या घरात एकमत नाही. मी आजवर तो तीन बांबू सांगत आले. भुऱ्या म्हणतो कमरेएवढा. पण तो आभाळाकडे बघत होता, त्याला काय कळणार? बाबा मात्र खोली बघायला थांबले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात घोट्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं, तो कारखान्याच्या जड बुटांसकट, डोक्यावरच्या टोपासकट आत उडाला. आणि सरळ तळाला गेला. टोप वर आला, बाबा नाही आले. त्यांच्या लाटेने भुऱ्याच्या तोंडात पाणी गेलं, तो ठसकला, मान उचलली, आणि बूड खाली जायला लागलं.

माय माझ्या बाजूने गेली ती मला दिसलीच नाही. पाणी फुटल्याचा आवाज तेवढा आला. लुगडं, पुरण, सगळं घेऊन ती गेली आणि भुऱ्याला बगलेत मारून परतली. “धर,” म्हणाली. मी धरला. तो खोकला, ओकला, आणि मग असा रडला की मी हसायला लागले.

बाबा तेवढ्यात वर आले होते. म्हणजे त्यांचा एक हात वर आला होता. आणि त्या हाताचं एक बोट गोल गोल फिरत होतं. उचला, उचला. क्रेन नव्हती, क्रेनवाला नव्हता, पण बाबांना दुसरी भाषा येत नव्हती. माय पोहत त्यांच्याजवळ गेली तर त्यांनी तिचा गळाच धरला. दोघंही खाली. मी काठावर भुऱ्याला एवढं आवळलं की तो रडायचा थांबला. माय वर आली ती बाबांच्या मागच्या बाजूने. बुडणाऱ्याच्या पुढून जायचं नाही, हे तिला तलावाने शिकवलेलं. पहिल्यांदा, समोर नवरा होता म्हणून, ती हे विसरली होती. तिने मागून कॉलर धरून त्यांचं तोंड पाण्याबाहेर काढलं आणि ओरडली, “मले धरू नका! घार पाहा!”

“कोनती घा—” बाबांच्या तोंडात पाणी गेलं.

“वर! वर पाहा! घार!”

आता क्रेनखाली जन्म काढलेल्या माणसाला कोणी “वर!” म्हणून ओरडलं, तर तो विचार करत नाही. वर बघतो. न बघणारे तिथे टिकत नाहीत. बाबांनी झटक्यात मान मागे टाकली. हनुवटी वर गेली, कान पाण्यात, हात पसरले, आणि आमचे बाबा, मिशांसकट, बुटांसकट, लाल पाण्यावर आडवे झाले. डोळे फाडून आभाळ बघत होते. माय त्यांना कॉलरीने ओढत काठाला आणत होती, आणि मध्ये मध्ये म्हणत होती, “दिसली का? पाहा बरं. दिसन.” भुऱ्याला म्हणायची, अगदी तशीच.

सुकवारो बाई ठेठरीची टोपली घेऊनच धावत आली होती, ती टोपली खाली ठेवून काठावर बसली. रानी पण आली होती, टणटण करत. बाबा पोटातलं लाल पाणी ओकले, मिशा पिळल्या, आणि भुऱ्याकडे पाहिलं.

“हे तुले कोनं शिकवलं रे?”

“माय,” भुऱ्या म्हणाला. “डलममदी.”

मायने पदर पिळायला घेतला होता, तो तसाच धरून ठेवला. मला मारुतीची तसबीर आठवली, शपथ आठवली, आणि गावच्या चुलीपाशी सगळ्यात शेवटी बसलेली माय दिसली. मग तिने पदर पिळला, चांगला ताकदीने.

“धाडता ना गावी?” ती म्हणाली. “धाडा. पोळ्या होऊनच राह्यल्या हायेत, बांधून घेते.”

बाबा उठले. घराकडे चालायला लागले, बुटांतून पचक पचक आवाज करत. आम्ही मागे. त्यांनी ट्रंक काढली नाही. मागच्या अंगणात गेले, ड्रमची कडी काढली, झाकण उचललं आणि सुकवारो बाईच्या कुंपणापलीकडे भिरकावून दिलं. मग ड्रमच्या काठावर हात ठेवून आत बघत उभे राहिले. बैल विकत घेताना माणूस बघतो ना, तसे.

“काहो, भुऱ्याची माय,” शेवटी म्हणाले, “माहं अंग बसन का यात?”

नाही बसलं. बसवून पाहिलं, मला विचारा, काढायला शेजारचे चार बाप्ये लागले. त्यामुळे पुढच्या रविवारपासून माय त्यांना जवळच्या खेड्यातल्या तलावावर न्यायला लागली, धुण्याच्या गाठोड्याबरोबर. ती दगडावर कपडे आपटायची, बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, आणि त्यांच्या कमरेला नव्या करदोड्यात ढवळ्याची घंटी बांधलेली असायची. मायनेच बांधली. “मी इकडं धुणं करू का तुमाले पाहू?” ती म्हणाली. “घंटी वाजून राह्यली तवर ठीक.” घाटावरच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. बाबांनी एकदाही हरकत घेतली नाही.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ते नुसते उभेच होते. आणि मग एका रविवारी मी भुऱ्याचं डोकं चोळत होते, माय बाबांचा पट्टेरी पायजमा आपटत होती, आणि घंटी थांबली. मायच्या हातातला पायजमा पाण्यात वाहून गेला. तो परत मिळाला नाही. ती तशीच पाण्यात शिरली, मी ओरडले, बाया उठल्या.

बाबा मधोमध उताणे पडले होते. कोणी धरलेलं नव्हतं. पोट वर, मिशा वर, कान पाण्यात, घंटी पोटावर आडवी, गप्प. माय पोचली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पाण्यातून एक हात वर आला आणि त्याची मूठ आवळली.

थांब, हलू नको. वर घार आली होती.